संगणक मंदावला, तर बदलायचे काय?

“सर, आमचा संगणक फार हळू चालतो. त्यात काय बदलावे?” हल्ली हा प्रश्न मला प्रकाशाच्या अपवर्तनापेक्षाही अधिक वेळा विचारला जातो. विचारणारे कधी अकरावी-बारावीचे विद्यार्थी असतात, कधी तालुक्याच्या शाळेतील शिक्षक. भंडारा जिल्ह्यात, तुमसरपासून लाखांदूरपर्यंत, शाळांतून आणि घरांतून दहा-बारा वर्षांपूर्वीचे अनेक टेबलावरील संगणक अजून काम करीत आहेत. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. तेव्हापासून “हे सगळे आता भंगारात काढा” असा सल्लाही ऐकू येतो.

हा सल्ला बरोबर आहे की चूक, हे यंत्र पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मी विचारणाऱ्याला उलट विचारतो, “हळू म्हणजे किती? कोणते काम करताना?” याचे उत्तर सहसा मिळत नाही. असा मनुष्य पैसे खिशात घालून साठ-सत्तर किलोमीटर दूर नागपूरला सीताबर्डीवर जातो आणि “भाऊ, पीसी स्लो आहे, रॅम वाढवून द्या” असे म्हणतो. दुकानदार रॅम देतो. त्याने तरी काय करावे? यंत्र तर घरी आहे. घरी आल्यावर कळते की नवी पट्टी खाचेत बसत नाही. किंवा बसते, पण संगणक पूर्वीइतकाच हळू आहे. म्हणून मदत मागण्यापूर्वी थोडे मोजमाप स्वतः कसे करावे आणि त्या मोजमापाचा अर्थ काय, ते आपण पाहू.

राइस मिलचे गणित

आपला जिल्हा धानाचा. राइस मिलमध्ये धान आधी साफ होते, मग त्याचे टरफल निघते, मग तांदळाला पॉलिश होते. समजा, साफ करणारे यंत्र तासाला ३ टन माल काढते, टरफल काढणारे २ टन आणि पॉलिशचे यंत्र १ टन. मालकाने हौसेने टरफल काढण्याचे यंत्र ४ टनांचे आणले, तर मिलमधून तासाला किती माल बाहेर पडेल? पूर्वीइतकाच, १ टन. भरडाईचा वेग सर्वांत मंद यंत्र ठरवते.

संगणकात याहून थोडी वेगळी स्थिती असते. मिलमधील सर्व यंत्रे एकाच वेळी चालतात; संगणक सुरू होताना मात्र प्रोसेसर आणि हार्ड डिस्क बऱ्याच वेळा एकमेकांची वाट पाहत आळीपाळीने काम करतात. त्यामुळे त्यांचे वेळ एकमेकांत मिळवावे लागतात. समजा, तुमचा संगणक सुरू होण्यास १०० सेकंद लागतात. त्यांपैकी ८० सेकंद हार्ड डिस्कवरून माहिती येण्याची वाट पाहण्यात जातात आणि २० सेकंद प्रोसेसरच्या कामात. आता प्रोसेसर दुप्पट वेगाचा बसवला, तर २० चे १० होतील आणि एकूण वेळ ९० सेकंद. फरक जाणवणारसुद्धा नाही. उलट, जुना प्रोसेसर तसाच ठेवून माहिती साठवणारा भाग वीसपट वेगाचा केला, तर ८० चे ४ होतील आणि एकूण वेळ २४ सेकंद. हा भाग अनंतपट वेगाचा केला तरी २० सेकंद उरतीलच, म्हणजे पाचपटीहून अधिक सुधारणा या मार्गाने होणार नाही. अमेरिकन संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली हा विचार मांडला, म्हणून त्याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात. आयबीएमच्या ‘३६०’ या प्रसिद्ध संगणकमालेच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. नियम मोठमोठ्या यंत्रांसाठी सुचला. आपल्या शाळेतील यंत्रालाही तो तितकाच लागू पडतो.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, आपल्या यंत्रात वेळ कोठे जातो? विंडोज असलेल्या संगणकात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या विभागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा वापर शेकड्यात दिसतो. लिनक्समध्ये ‘सिस्टिम मॉनिटर’ असतो. नेहमीचे काम सुरू करा आणि पाच मिनिटे नुसते पाहत बसा. डिस्क शेकडा १०० वर अडकून प्रोसेसर १५-२० वर रेंगाळत असेल, तर दोष डिस्कचा समजावा. मेमरी ९० च्या वर गेली असेल, तर रॅम अपुरी आहे. मात्र मेमरी भरली की डिस्कही आपोआप १०० वर जाते, ते का ते पुढे येईलच. म्हणून आधी मेमरीचा आकडा पाहावा. प्रोसेसर १०० वर आणि बाकी सारे निवांत, अशी स्थिती सामान्य शालेय कामात कमी आढळते.

फिरणारी तबकडी

जुन्या संगणकातील बहुधा सर्वांत मंद भाग हार्ड डिस्क हाच असतो आणि त्याचे कारण शुद्ध यांत्रिक आहे. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे या वेगाने फिरते. म्हणजे सेकंदाला १२० फेरे; एका फेऱ्याला १००० ÷ १२० = ८.३३ मिलिसेकंद. हवी असलेली माहिती वाचक टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर नेऊन ठेवावे लागते, त्याला आणखी सुमारे ९ मिलिसेकंद. एकूण १३. याचा अर्थ, तबकडीवर विखुरलेले माहितीचे तुकडे सेकंदाला फार तर ७५-८० उचलता येतात. प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी क्रिया करतो आणि त्याला माहिती पुरवणारा सेवक सेकंदाला ८० फेऱ्या मारतो!

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. तिच्यात माहिती अर्धवाहकाच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभाराच्या रूपाने साठवलेली असते. कोणताही तुकडा मिळण्यास साधारण ०.१ मिलिसेकंद पुरतो. वरील उदाहरणात समजा, संगणक सुरू होताना ५,५०० लहान तुकडे आणि एकूण एक गिगाबाइटच्या मोठ्या फायली वाचाव्या लागतात. हार्ड डिस्कला तुकड्यांसाठी ५,५०० × १३ = ७१,५०० मिलिसेकंद, म्हणजे सुमारे ७२ सेकंद लागतील; मोठ्या फायलींसाठी सेकंदाला १२० मेगाबाइट या दराने आणखी ८ सेकंद. बेरीज ८०. एसएसडीला तुकड्यांसाठी जेमतेम अर्धा सेकंद आणि मोठ्या फायलींसाठी साडेतीन-चार सेकंद. बेरीज सुमारे ४.

येथे एक गोष्ट चाणाक्ष विद्यार्थ्याच्या लक्षात येईल. जाहिरातींत एसएसडीचा वेग सेकंदाला ५०० मेगाबाइट सांगतात, मग आपण मोठ्या फायलींसाठी साडेतीन-चार सेकंद का धरले? कारण २०११-१२ च्या सुमाराचे ‘एच-६१’ जातीचे मदरबोर्ड डिस्कशी जुन्या दरानेच बोलतात. त्या वाटेने प्रत्यक्षात सेकंदाला २७० मेगाबाइटच्या आसपासच माहिती जाते. तरीही काही बिघडत नाही. आपला खरा लाभ त्या ७२ सेकंदांच्या वाचण्यात आहे आणि तो जुन्या बोर्डावरही पुरेपूर मिळतो. “तुमचा बोर्ड जुना, त्याला एसएसडीचा उपयोग नाही” असे कोणी सांगितले, तर हे गणित त्याच्यापुढे मांडावे.

रॅम: बसते का, पुरते का?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनवलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली काम करू लागला. त्याच्या चुंबकीय कड्यांच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत; आजच्या भाषेत १० किलोबाइट. आज चार गिगाबाइटची रॅम, म्हणजे त्याच्या चार लाखांहून अधिक पट स्मृतीही, कमी पडते. आजचे एक संकेतस्थळ उघडताना काय काय ओढून आणले जाते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे!

रॅम म्हणजे चालू कामासाठी हाताशी मांडलेली माहिती. तेथून ती मिळण्यास साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. रॅम भरली की संगणक त्यातील काही भाग हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. डिस्कचे १३ मिलिसेकंद म्हणजे १०० नॅनोसेकंदांच्या सव्वा लाखाहून अधिक पट. म्हणून रॅम थोडीशी कमी पडली, तरी संगणक एकदम गोगलगाय होतो आणि डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत राहतो.

रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. डीडीआर-३ च्या पट्टीला २४० पिना आणि १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर-४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट. पट्टीच्या कडेची खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेली असते, म्हणजे चुकीची पट्टी बसूच नये. बसत नसेल, तर अंगठ्याचा जोर वाढवू नये! एकच पट्टी लावण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या, तर प्रोसेसरकडे दोन वाटांनी माहिती जाते, हा आणखी फायदा. आणि प्रणाली ३२ बिटांची असेल, तर तिला २ चा ३२ वा घात, म्हणजे ४ गिगाबाइट इतक्याच जागांना क्रमांक देता येतात. तिच्यात आठ गिगाबाइट बसवून साधारणपणे उपयोग नाही. आधी ६४ बिटांची प्रणाली घालावी लागते.

प्रोसेसर बदलणे त्या मानाने गुंतागुंतीचे. प्रत्येक मदरबोर्डावरील बैठक विशिष्ट पिढीच्या प्रोसेसरपुरतीच असते. ‘११५५’ या बैठकीत इंटेलच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात, चौथीचे बसत नाहीत. त्यापुढचा हवा, तर बोर्ड बदलावा लागतो. बऱ्याचदा बोर्ड बदलला की रॅमही बदलावी लागते. मग जुन्यातील कॅबिनेट, मॉनिटर आणि कळफलक एवढेच उरते. इथवर आलो की नवा संगणक घेण्याचा विचार करावा, असे माझे मत आहे. ‘विंडोज ११’ ला टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या यंत्रावर ती प्रणाली अधिकृतपणे बसत नाही. पण त्यावर लिनक्स बसते. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही लिनक्सचीच एक भारतीय आवृत्ती आहे आणि तिच्यात मराठीत काम करता येते. टंकलेखन, भूमिती, आज्ञावली लिहिण्याचा सराव, एवढे शालेय काम त्यावर उत्तम होते. तेव्हा ‘आधार संपला’ याचा अर्थ यंत्र निकामी झाले असा होत नाही. सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणाऱ्या जुन्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत.

वॅट आणि अँपिअर

चित्रपटासारखे खेळ खेळण्यासाठी ग्राफिक्स कार्ड घालण्याची हौस असणाऱ्यांनी आधी एसएमपीएसकडे पाहावे. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देणारी ती पेटी. तिच्यावर ‘४५०’ असा मोठा आकडा छापलेला असतो. तो बाजूला ठेवून लेबलावर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. समजा १४ अँपिअर आहेत. १२ × १४ = १६८ वॅट. प्रोसेसरला ७७ वॅट आणि कार्डाला ७५ वॅट धरले, तर १५२ झाले. शिवाय पंखे आणि हार्ड डिस्कची मोटर याच १२ व्होल्टवर चालतात. उरले काय? अशा पेटीवर याहून मोठे कार्ड लावणे म्हणजे एका बैलावर दोन गाड्यांचा भार. काही नामांकित कंपन्यांच्या लहान आकाराच्या संगणकांत ही पेटी व तिची जोडणी खास असते, बाजारातील १९९५ पासून रूढ असलेल्या एटीएक्स मापाची पेटी त्यांत बसत नाही. तेही आधी पाहून ठेवावे.

एसएमपीएसची पेटी स्वतः कधीही उघडू नका. २३० व्होल्ट हे प्रत्यावर्ती दाबाचे परिणामी मूल्य आहे. त्याला २ च्या वर्गमुळाने गुणले की सुमारे ३२५ व्होल्ट येतात. आतील धारित्रे इतक्या दाबापर्यंत भारित होतात आणि वायर काढल्यानंतरही काही काळ तशीच राहू शकतात.

मे महिन्यातील संगणक

“जानेवारीत ठीक चालतो, मे महिन्यात मध्येच अडकतो,” ही तक्रार आपल्या विदर्भात फार. येथे नवीन काही विकत घेण्यापूर्वी एक साधे सूत्र लावून पाहावे:

चिपचे तापमान = भोवतालचे तापमान + (शक्ती × औष्णिक रोध)

ओहमच्या नियमात प्रवाह आणि रोध यांच्या गुणाकाराने विभवांतर मिळते, तसेच येथे उष्णतेच्या प्रवाहाने तापमानातील फरक मिळतो. प्रोसेसर ६५ वॅटचा आहे आणि त्यावरील पंख्यासह धातूच्या पंखळ्यांचा औष्णिक रोध वॅटला ०.५ अंश आहे, असे धरू. पूर्ण भार असताना फरक ३२.५ अंश. मे महिन्यात बंद खोलीत ४२ अंश से. असतील, तर चिप ७४.५ अंशांवर राहील; चिंता नाही. आता पंखळ्यांत धूळ भरली, प्रोसेसर व धातू यांमधील लेप वाळून फुटला आणि रोध ०.९ झाला, असे माना. फरक ५८.५ अंश. जानेवारीत खोली २० अंशांवर असते, तेव्हा चिप ७८.५ वर, तक्रार नाही. मे महिन्यात तीच १००.५ वर जाते. सुमारे १०० अंशांजवळ प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करतो, क्वचित संगणक बंदही पडतो. यंत्र तेच, धूळ तीच, केवळ ऋतू बदलला!

यावर उपाय म्हणजे मऊ ब्रश, हवेचा फुगा आणि लेपाची एक छोटी नळी. ब्रश चालवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. संगणक जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवला, तर धूळ कमी भरते. खोलीत कूलर असेल तर उत्तम, कारण भोवतालचे तापमान दहा अंशांनी उतरले की चिपचेही तितकेच उतरते. मात्र कूलरचा झोत सरळ यंत्रावर नको. त्यातील तुषारांबरोबर पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात.

आणखी एक स्वस्त दुरुस्ती. संगणक रोज जुनीच तारीख दाखवतो आणि संकेतस्थळे “सुरक्षित नाही” म्हणून उघडत नाहीत, असे झाले तर बोर्डावरील नाण्याएवढा ३ व्होल्टचा ‘२०३२’ क्रमांकाचा सेल संपलेला असतो. यंत्र बंद असताना घड्याळ तोच चालवतो. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते आणि घड्याळच चुकले, तर मुदतीची तपासणी चुकते. सेल बदलून तारीख लावली की इंटरनेट ‘दुरुस्त’ होते.

कागदावर काय लिहावे

आता मदत मागायला हरकत नाही. प्रश्न असा लिहावा:

“शाळेचा संगणक. प्रोसेसर कोअर आय-३ २१२०. मदरबोर्ड एच-६१, रॅमच्या दोन खाचा, एकीत डीडीआर-३ ची २ जीबी पट्टी, दुसरी रिकामी. हार्ड डिस्क ५०० जीबी, ७,२०० फेरे. एसएमपीएसवर १२ व्होल्टला १४ अँपिअर. प्रणाली ६४ बिटांची. सुरू होण्यास २ मिनिटे १० सेकंद. ब्राउझर उघडल्यावर मेमरी शेकडा ९४, डिस्क १००, प्रोसेसर ३०. काम: मराठी टंकलेखन, जिओजेब्रा, शैक्षणिक व्हिडिओ. खर्चाची मर्यादा अमुक.”

हे वाचून जाणकाराला यंत्र न पाहताही उत्तर देता येते: डीडीआर-३ ची आणखी एक पट्टी आणि लहानशी एसएसडी, प्रोसेसर व एसएमपीएसला हात लावू नका. पुण्यात असलेला तुमचा मोठा भाऊ, सीताबर्डीचा दुकानदार आणि कॉलेजातील प्रयोगशाळा-सहायक, तिघेही जवळजवळ हेच सांगतील. तिघांची उत्तरे फार वेगळी आली, तर प्रत्येकाला “का?” असे विचारा आणि त्याचे कारण तुमच्या आकड्यांशी ताडून पाहा. रॅमच्या पट्टीवरील आणि बोर्डावरील अक्षरांचा फोटो जवळ ठेवला, तर आणखी बरे.

पेटी स्वतः उघडायची असेल, तर शिक्षक किंवा घरातील मोठे माणूस बरोबर असू द्या. आधी महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत काढा. मग संगणक बंद करून वायर काढा आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला भार निघून जातो. कोरड्या हवेत सिंथेटिक कपड्यांच्या घर्षणाने आपल्या अंगावर काही हजार व्होल्टचा स्थिर भार साठतो. शरीराचे धारित्र १०० पिकोफॅरड आणि दाब ५,००० व्होल्ट धरला, तर ऊर्जा केवळ १.२५ मिलिज्यूल. आपल्याला बारीकसा चटका बसतो. पण काही चिपा शंभर-दोनशे व्होल्टनेही दुखावतात आणि तेवढा दाब आपल्याला जाणवतसुद्धा नाही. म्हणून रॅमला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि पट्टी कडांनीच धरावी.

बदल करण्यापूर्वी संगणक तीनदा सुरू करून प्रत्येक वेळचा कालावधी मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजा व सरासरी काढा. एसएसडी बसवल्यावर, प्रणाली तीच असेल तर, पुन्हा तीनदा मोजा. जुन्या वेळातून नवा वेळ वजा केला की डिस्कसाठी वाट पाहण्यात किती सेकंद जात होते, याचा बराच जवळचा अंदाज मिळतो. उरलेल्या वेळात प्रोसेसरचा वाटा किती आणि प्रणालीबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या नको त्या प्रोग्रॅमचा किती, हे शोधण्यासाठी टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ विभाग उघडून एकेक प्रोग्रॅम बंद करून पाहा आणि प्रत्येक वेळचे सेकंद वहीत लिहा.